मे महिन्यातला हीटर

‘चढत नाही’ हे शब्द कुणी उच्चारले की माझं डोकं फिरतं. गेल्या आठवड्यात पुन्हा ऐकले. नाशकातल्या एका बैठकीत, पंख्याखाली, पुढ्यात बाटलीबंद पाणी ठेवून एक गृहस्थ सांगत होते की अमुक पाड्यावर टँकर चढत नाही, तेव्हा तिथल्या लोकांनी खाली येऊन पाणी न्यावं. मी विचारलं, चढवून पाहिला का? ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी त्यांच्या घरातली भानगड विचारली. मग म्हणाले, ताई, काही तांत्रिक बाबी असतात.

तांत्रिक बाबी. डोक्यावर दोन हंडे घेऊन घाट चढणाऱ्या बाईला कुणी तांत्रिक बाबी सांगत नाही. ती चढते. टँकर मात्र चढत नाही.

त्या खोलीत रज्जाकचाचा असते तर काय झालं असतं, हे मी मनातल्या मनात रंगवलं आणि मला जरा बरं वाटलं. त्यांनी त्या गृहस्थांना दंडाला धरून उठवलं असतं आणि नेऊन ट्रकमध्ये बसवलं असतं. चाचा आता नाशकात नाहीत. नजर कमी झाली म्हणून मुलीनं त्यांना मालेगावला नेलं. म्हणून हे लिहिते आहे. मला पत्रकं लिहायची सवय, माणूस लिहायची नाही. तेव्हा मध्येच कुठे घोषणा आली तर सहन करा.

त्यांचं चरित्र मला येत नाही. कुठे जन्मले, शाळा कितवीत सोडली हे विचारलं की ते दर वेळी वेगळं सांगायचे, आणि आधी काय सांगितलं होतं याची आठवण करून दिली की रागवायचे. नक्की एवढंच की ते जुन्या नाशकात राहत, साठी ओलांडलेले होते, मनगटं अशी जाड की घड्याळाचा पट्टा कधी पुरला नाही, आणि त्यांच्याकडे एकच ट्रक होता. तो लष्कराच्या लिलावातून घेतलेला. मागे त्यांनी पाण्याची टाकी बसवून घेतली होती. हिरवा रंग जागोजागी उडालेला. आडगाव नाक्याच्या गॅरेजांमध्ये सगळे त्याला ‘फौजी’ म्हणत.

फौजीच्या केबिनमध्ये हीटर होता. नाशिकच्या ट्रकमध्ये हीटर म्हणजे उंटाच्या पाठीवर होडी. पण ही गाडी कुठल्यातरी बर्फाळ मुलखासाठी तयार झाली होती. इंजिनातलं उकळतं पाणी एका रबरी नळीतून केबिनमधल्या छोट्या जाळीत यायचं, जाळीमागचा पंखा वारा फेकायचा, ड्रायव्हरचे पाय शेकायचे आणि पाणी दुसऱ्या नळीनं इंजिनात परत जायचं. एवढंच ते यंत्र. रबरी नळी इंजिनाला जिथे जोडलेली, तिथे एक पितळी तोटी होती, बोटाएवढी. मिस्त्री लोक तिला निपल म्हणतात. या पितळी तोटीपायी पुढे जे घडलं ते मी सांगणार आहे.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा फक्त त्यांचे पाय दिसत होते. ते ट्रकखाली होते आणि सुभाष मिस्त्रीशी भांडत होते. सुभाष मिस्त्रीचं म्हणणं साधं होतं. हीटर काढून टाकू, दोन्ही नळ्यांची तोंडं एकमेकांना जोडू, विषय संपला, नाशकात कोण शेकत बसणार आहे?

“तुझ्या बापाचा आहे का हीटर?” ट्रकखालून आवाज आला.

“माझ्या बापाचा असता तर त्यानं कधीच विकला असता,” मिस्त्री म्हणाला आणि माझ्याकडे वळला. “बोला ताई. गाडी पाहिजे? ही सोडून कोणतीही सांगा.”

मी त्या दिवशी नाक्यावरच्या सगळ्या टँकरवाल्यांकडे जाऊन आले होते आणि सगळ्यांनी नकार दिला होता. प्रकरण असं होतं. पश्चिमेकडच्या डोंगरात एक वस्ती आहे, तिला सगळे वरचा पाडा म्हणतात. उन्हाळ्यात तिथली विहीर आटते. सरकारी टँकर एका ठेकेदारामार्फत येतो आणि घाटाच्या पायथ्याशी सिमेंटच्या हौदात पाणी ओतून परत जातो. बायका खाली उतरतात, हंडे भरतात, वर चढतात. आमच्या संघटनेनं अर्ज दिले की टँकर वर न्या. उत्तर एकच यायचं. रस्ता टँकरला योग्य नाही, भरलेली गाडी चढत नाही. घोषणा देऊन हे वाक्य खोटं पडत नव्हतं, पत्रकं वाटून पडत नव्हतं. एक भरलेला टँकर वर गेला तरच पडणार होतं. डिझेल आम्ही वर्गणीतून घालणार होतो. गाडी मिळत नव्हती.

हे सगळं मी सांगितलं, चाचांच्या पायांकडे बघत. मग ते बाहेर आले. अंतर किती, भाडं किती, काही विचारलं नाही.

“चढत नाही असं कोण म्हणतं?”

ठेकेदार म्हणतो, मी सांगितलं.

“त्यानं चढवून पाहिली?”

नाही.

“मग त्याला काय माहीत?” असं म्हणून त्यांनी हात पुसले आणि माझ्या पिशवीतलं पत्रक काढून घेतलं. पूर्ण वाचलं. वाचून म्हणाले, यात ‘जाहीर निषेध’ फार वेळा आलाय, बेटा. त्या दिवसापासून मी ‘पांप्लेट’ झाले. माझं खरं नाव त्यांना शेवटपर्यंत माहीत होतं की नाही याची मला शंका आहे.

आम्ही पहिल्या फेरीला निघालो ती मे महिन्यातली भर दुपार होती. पायथ्याजवळ एका शेतकऱ्यानं विहिरीचं पाणी द्यायचं कबूल केलं होतं, पण तिथे वीज सकाळची. टाकी भरेपर्यंत ऊन डोक्यावर यायचं. घाटाच्या तोंडाशी चाचांनी गाडी थांबवली, टोपी काढली, डोक्यावर ओला पंचा टाकला, दोन्ही काचा पूर्ण खाली केल्या आणि एक कळ ओढली. माझ्या पायांवर भट्टीचं दार उघडल्यासारखा वारा आला. त्यांनी हीटर चालू केला होता.

मला वाटलं चुकून झालं. मी सांगायला गेले तर म्हणाले, गप बस. मग पहिलं वळण चढेपर्यंत शिव्या, गिअर आणि समजावणं एकदमच चालू होतं. इंजिन म्हातारं आहे, त्याचा रेडिएटर निम्मा बुजलेला आहे, या मॉडेलचा नवा मिळत नाही. भरलेली टाकी घेऊन चढताना इंजिन तापतं, रेडिएटर एकटा पुरत नाही. हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटर. इंजिनाची उष्णता तो केबिनमध्ये ओढून घेतो. इंजिन वाचतं, माणूस भाजतो. माणूस भाजला तर पाणी पिऊन बरा होतो, इंजिन भाजलं तर वर पाणी जात नाही. नाक्यावरच्या मिस्त्रींना हे माहीत नव्हतं असं नाही. पण भर उन्हात स्वतःला शेकत गाडी चालवायची कुणाची तयारी नव्हती, म्हणून ते सगळ्यांचे हीटर काढून टाकत होते.

त्या फेरीत मी अर्ध्या रस्त्यात उलटी केली. चाचांनी गाडी थांबवली नाही. पंच्याचं टोक माझ्याकडे फेकलं आणि म्हणाले, हे पण छाप.

फौजी वर पोचला. मग पुन्हा पोचला. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी पोचू लागला. ठेकेदाराची माणसं म्हणू लागली की अर्धीच टाकी नेतात, वर जाऊन नाटक करतात.

चाचांचे काही नियम होते. टाकीत पाणी एकदा पडलं की ते पाड्याचं. त्यातला पेलाभरही ते स्वतः प्यायचे नाहीत, रेडिएटरला तर घालायचेच नाहीत. इंजिनासाठी दोन वेगळे कॅन आणि स्वतःसाठी फडक्यात गुंडाळलेली एक बाटली सीटमागे असायची. पाड्यावर पाणी वाटताना ते टाकीच्या नळाशी उभे राहून आरडाओरडा करायचे, रांग लावा, ढकलू नका, आणि कुणी रांग मोडली की तिच्या सासूचं नाव घेऊन तिला टोमणा मारायचे. सगळ्या सासवांची नावं त्यांना पाठ होती.

मोठेपणाही भरपूर होता. माझ्यासारखा ड्रायव्हर जिल्ह्यात नाही, हे ते दिवसातून एकदा तरी म्हणायचे. आणि एक खोड होती, जी त्यांना अनेकदा नडली असणार. ते जे काही कसायचे, ते गरजेपेक्षा जास्त कसायचे. बोल्ट असो, टाकीचं झाकण असो, नळ असो. घरी अमीनाचाची, म्हणजे त्यांची बायको, लोणच्याची बरणी त्यांच्या हाती लागू देत नसे. त्यांनी झाकण लावलं की शेजारच्या दोन पोरांना बोलवावं लागायचं. सुभाष मिस्त्री कळवळून सांगायचा, चाचा, पितळ आहे ते, लोखंड नाही, बेतानं घ्या. चाचांचं उत्तर ठरलेलं. ढिलं राहण्यापेक्षा तुटलेलं परवडलं.

एकदा ते माझ्यावर खरोखर भडकले. संघटनेतल्या एका मुलानं फौजीचा फोटो टाकून पत्रक काढलं आणि वर मथळा दिला, ‘वृद्ध मुस्लिम ट्रकचालकाची माणुसकी’. मी ते चाचांना दाखवायला नेलं. त्यांना आनंद होईल असं मला वाटलं होतं. त्यांनी वाचलं, घडी घातली, परत दिलं.

“वृद्ध कोण?” ते म्हणाले. “आणि सुभाषचा फोटो टाकला असता तर लिहिलं असतं, हिंदू मिस्त्रीची माणुसकी?”

मी पत्रक पिशवीत कोंबलं.

“मी गाडी चालवतो. चांगली चालवतो, ते लिहा. माणुसकी कसली? पाणी न देणाऱ्यांची जात लिहिता का तुम्ही?”

ते पत्रक आम्ही वाटलं नाही. सगळा गठ्ठा रद्द केला. नव्या मथळ्यात फक्त एवढं लिहिलं, ‘भरलेला टँकर चढतो’. चाचांनी त्यातलं एक केबिनमध्ये चिकटवलं, अर्थात चौफेर, भरपूर गोंद लावून.

हे पत्रक तालुक्याच्या एका अधिकाऱ्यापर्यंत पोचलं. मी अधिकाऱ्यांबद्दल सहसा बरं लिहीत नाही, पण हा तरुण होता आणि त्यानं एक सरळ गोष्ट केली. म्हणाला, मी स्वतः येतो, माझ्या डोळ्यांसमोर भरलेली गाडी चढवून दाखवा. चढली तर सरकारी टँकर वर पाठवायचा आदेश मी काढतो. नाही चढली तर हा विषय पुन्हा माझ्याकडे आणू नका.

म्हणजे सगळं एका दुपारवर आलं. चढली तर पाड्याच्या बायकांचं पाणी वर, नाही चढली तर पुढे वर्षानुवर्षं खाली. ठरलेल्या दिवशी आम्ही पायथ्याशी पोचलो तेव्हा अधिकारी यायचे होते. ठेकेदाराचा माणूस मात्र आधीच सावलीत मोटारसायकल लावून बसला होता. पाड्यावरून काही माणसं खाली आली होती, त्यांत भिमीबाई. ही मधल्या वयाची, बारकी, फार न बोलणारी बाई. अवघड वळणांवर गाडीत बसून दरीकडची बाजू तीच सांगायची. चाचा तिला आपला कंडक्टर म्हणत.

टाकी काठोकाठ भरली. चाचांनी इंजिन चालू करून सगळीकडे एक नजर टाकली. पितळी तोटीपाशी त्यांना ओलसर दिसलं. थेंबभर. दुसरा कुणी असता तर फडक्यानं पुसलं असतं. चाचांनी पाना काढला आणि तोटी आणखी कसली. आणि मग, तेवढ्यावर भागलं असतं तरी, आणखी थोडी.

टक् असा आवाज झाला. तोटी मोडली. अर्धी नळीबरोबर त्यांच्या हातात आली, अर्धी इंजिनातच अडकली, आणि तिथून गरम पाण्याची चिळकांडी त्यांच्या मनगटावर बसली.

इंजिन बंद केलं. पाणी वाहून गेलं. मी फोन लावून सुभाष मिस्त्रीला सांगितलं. त्यानं आधी कपाळावर हात मारला असणार, तसा आवाज आला. मग म्हणाला, भोकात लाकडी खुंटी ठोका, हीटर बंद, टाकी अर्धी रिकामी करा आणि हळूहळू चढा. अर्धी टाकी तो ओढेल. मला ते पटलं. साहेबाला गाडी वर गेलेली बघायची होती, टाकीत वाकून कोण बघणार होतं?

चाचा मनगटावर पंचा गुंडाळत होते. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला नाही, लांबूनच बोलले.

“अर्धी नेली तर साहेब कागदावर अर्धी लिहील. मग जन्मभर अर्धीच येईल. सुभाषला सांग, फोन ठेव.”

ठेकेदाराचा माणूस उठून जवळ आला. इंजिनाकडे, मग चाचांकडे बघून म्हणाला, चाचा, आता भंगारात घाला हिला, मी गिऱ्हाईक आणू का?

“आण,” चाचा म्हणाले. “त्याला सांग, गाडी वरच्या पाड्यावर उभी आहे. तिथून घेऊन जा.”

मग त्यांनी मला मोडका तुकडा दिला आणि कृषी सेवा केंद्रात पिटाळलं. हा भाग द्राक्षांच्या मुलखाला लागून. औषध फवारायच्या पंपांना अशाच पितळी तोट्या लागतात आणि त्या प्रत्येक खेड्यातल्या दुकानात मिळतात, हे चाचांना माहीत होतं. दुकानदारानं विचारलं, कोणत्या पंपाला? मी म्हटलं, ट्रकला. तो हसला, पण डबा उलटा करून शोधू लागला. जवळपास तशीच एक मिळाली.

मी परत आले तेव्हा चाचा बंपरवर ओणवे होते. आत अडकलेल्या तुकड्याच्या भोकात त्यांनी तिकोनी कानशीचं निमुळतं शेपूट हलकेच ठोकून बसवलं होतं आणि आता ती कानस पान्यात धरून उलटी फिरवत होते. एकदा निसटली. पुन्हा ठोकली. पुन्हा निसटली आणि त्यांची बोटं लोखंडावर आपटली. गरम इंजिनापाशी त्यांचा घाम टपटप पडत होता. मी थांबा म्हणाले, गार होऊ द्या. साहेब थांबेल का, असं त्यांनी विचारलं आणि पुन्हा कानस बसवली. या वेळी आतून बारीक करकर ऐकू आली. ते एकदम हळू झाले. मी त्यांना इतकं हळू काही करताना कधी पाहिलं नव्हतं. तुकडा फिरत फिरत बाहेर आला आणि त्यांच्या तळहातावर पडला.

नव्या तोटीचे आटे किंचित सैल होते. चाचांनी हत्यारांच्या पेटीतून गळती बुजवायच्या सफेद्याची डबी आणि सुताची गुंडी काढली. आट्यांवर सूत गुंडाळलं, त्यावर सफेदा माखला, तोटी हातानं बसेल तेवढी बसवली. आता फक्त पान्यानं कसायची राहिली.

त्यांनी पाना हातात घेतला, तोटीवर लावला आणि तसेच थांबले. मग पाना काढून भिमीबाईपुढे धरला.

“तू कस.”

ती मागे सरली. “मी? आन् तुटला त?”

“तोटी तुटली तर तुझं पाणी जाईल. म्हणून तुलाच देतो. माझा हात थांबत नाही, बाई. आता बघितलंस ना? तुला वाटेल पुरे, तिथे सोड. मी काही बोलणार नाही.”

एवढी माणसं भोवती होती, ठेकेदाराचा माणूस होता, आणि जिल्ह्यातला सगळ्यात चांगला ड्रायव्हर हे बोलला. बोलून त्यानं पाठ फिरवली आणि रस्त्याकडे बघत उभा राहिला. भिमीबाईनं पदर खोचला. पाना दोन्ही हातांत धरला. थोडा फिरवला, थांबली, बोटानं तोटी चाचपली, पाना आणखी जरासा फिरवला. मग पाना खाली ठेवून म्हणाली, “झाला.” चाचांनी वळून पाहिलं. त्यांचा हात पान्याकडे गेला. मी पाहिला. मग त्यांनी तोच हात खिशात घातला.

एक अडचण राहिली. इंजिनातलं सगळं पाणी सांडलेलं, दोन्ही कॅन ओतूनही कमी पडत होतं. मागे टाकीत हजारो लिटर. चाचा भिमीबाईला म्हणाले, तुमच्यातलं बादलीभर घेऊ का? ती त्यांच्याकडे बघतच राहिली. त्यांनी पुन्हा विचारलं. ती घ्या म्हणाली, तेव्हा घेतलं.

अधिकारी आले. त्यांची जीप मागून येणार होती, पण चाचांनी केबिनचं दार उघडून धरलं. म्हणाले, बाहेरून काय दिसणार, साहेब, बसा. इस्त्रीच्या शर्टातला तो तरुण माणूस वर चढून मध्ये बसला. पलीकडे खिडकीशी भिमीबाई. मी केबिनला लागून असलेल्या टाकीच्या शिडीवर उभी राहिले आणि केबिनच्या मागच्या छोट्या खिडकीतून आत बघत राहिले.

घाटाच्या तोंडाशी कळ ओढली गेली. साहेब दचकले. त्यांनी काहीतरी विचारलं, बहुधा हे बंद नाही का करता येणार. चाचांचा आवाज मला मागेपर्यंत ऐकू आला.

“इंजिनाला ताप आलाय, साहेब. थोडा थोडा आपण वाटून घेऊ.”

त्या वाटेवर एक वळण आहे, त्याला कावळ्याचं वळण म्हणतात. मोठी गाडी तिथे एका दमात वळत नाही. अर्धी वळवायची, मग दरीकडे मागे घ्यायची, मग पुन्हा पुढे. भिमीबाई खिडकीतून निम्मी बाहेर वाकली आणि हात हलवू लागली. अजून, अजून, बस. मागचं चाक कडेपासून किती लांब होतं ते मला शिडीवरून दिसत होतं आणि मी ते सांगणार नाही. इंजिन घुसमटलं. चाचांनी पाय दाबून धरला. खिडकीतून मला साहेबांची मान दिसत होती, शर्ट पाठीला चिकटला होता, पण त्यांनी हीटरच्या कळीला हात लावला नाही. गाडी एकदा मागे हिसकली, मग पुढे सरकली आणि वळली.

वर पाड्यात पोचल्यावर साहेब खाली उतरले आणि सावलीत एका दगडावर बसले. चेहरा लालबुंद. भिमीबाईनं टाकीच्या नळाखाली तांब्या धरला आणि भरून त्यांना दिला. त्यांनी तो एका दमात संपवला आणि दुसरा मागितला. चाचा बोनेट उघडून वाकले होते. तोटीभोवती कोरडं होतं. ते पुन्हा पुन्हा बोट फिरवून बघत होते.

आदेश निघाला. सरकारी टँकर वर येऊ लागला. आता तुम्हाला वाटेल फौजीला कुणी हार घातला असेल. नव्या आदेशात अट होती की फक्त नव्या गाड्या चालतील. म्हणजे ज्या गाडीनं रस्ता सिद्ध केला तिलाच त्या रस्त्यावर काम नाही. मी पेटले. रात्रभर जागून मोठं पत्रक लिहायच्या तयारीत होते. चाचा आडगाव नाक्यावर टायर बदलत होते. त्यांनी ऐकून घेतलं.

“वर पाणी जातंय का रोज?”

जातंय.

“मग माझं कशाला छापतेस? कागद महाग झालाय.”

मी म्हणाले, हा अन्याय आहे. ते म्हणाले, आहेच. मग नटाला पाना लावला, कसला, पुन्हा कसला, आणि विचारलं की त्या डोंगराच्या पलीकडच्या पाड्यांवर टँकर जातो का. मी सांगितलं की तिथेही चढत नाही म्हणतात. तिथला रस्ता तर नुसता मातीचा.

“कोण म्हणतं?” चाचा म्हणाले.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच पलीकडच्या घाटाखाली. दुपारच होती. टाकी इतकी भरली होती की वरच्या हवेच्या नळीतून पाणी झिरपत होतं. पाड्याची माणसं खाली जमली होती. एक म्हातारा चाचांना समजावत होता की आजवर वर बैलगाडीशिवाय काही आलं नाही, उगाच जिवावर बेतेल. चाचांनी त्याचं सगळं ऐकलं आणि विचारलं, वळणं कुणाला नीट माहीत आहेत? लोकांनी एका म्हातारीला पुढे केलं. चाचांनी तिला हाताला धरून केबिनमध्ये चढवलं आणि हीटर चालू केला. ती घाबरून पाय वर घेऊन बसली. ते तिला काहीतरी म्हणाले, ती हसायला लागली.

मी दुसऱ्या दाराशी गेले तर त्यांनी हात आडवा केला. तू नको, पांप्लेट. तुझ्या वजनाचे दोन-तीन हंडे जास्त घेतलेत.

फौजी निघाला. पहिल्या वळणाआड गेला. काही वेळ आवाज येत होता, मग वाऱ्यानं तोही नीट ऐकू येईना. मातीच्या रस्त्यावर, जिथून गाडी गेली होती, तिथे सांडलेल्या पाण्याची एक ओली रेघ उमटली होती. खालून डोंगराची वरची वळणं दिसत होती. आम्ही सगळे डोळ्यांवर हात आडवा धरून त्या वळणांकडे बघत राहिलो. आमच्या पायाशी रेघ वाळत चालली होती. वर, उघड्या कड्याच्या कडेनं, ती अजून काळी दिसत होती आणि तिचं टोक पुढे सरकत होतं.